अपुऱ्या गड्यांचा खेळ

हॉकीत दुबळ्या संघाचा पराभव पुष्कळदा थोडक्या मिनिटांत ठरतो. हिरवे कार्ड मिळताच गडी दोन मिनिटे, पिवळे मिळताच किमान पाच मिनिटे बाहेर बसतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी तर गोलरक्षकासह पाचांनाच गोल राखावा लागतो. या विषम प्रसंगांचा सराव मात्र क्वचितच होतो.

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास १७ व्या मिनिटास लाल कार्डामुळे बाहेर गेला. उरलेल्या दहा भारतीयांनी चाळीस मिनिटांहून अधिक काळ झुंज देऊन १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ असे जिंकले. हे केवळ शौर्य नव्हे. कोणी कोणती जागा राखावी, याची ती शिस्त होती.

जालना जिल्ह्यातील मुलांना हे तत्त्व परके नाही. प्रो कबड्डीत तीन वा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीस दोन गुण मिळतात, हे ती जाणतात. शालेय हॉकीच्या शिक्षकांनी रोज पंधरा मिनिटे सहांविरुद्ध चौघांना खेळवावे. कॉर्नरचा चेंडू ढकलणे, अडविणे व मारणे तिघांकडून घोटून घ्यावे. कृत्रिम हिरवळीस मोठा निधी लागतो. या सरावास साधे मैदान आणि शिक्षकाचा निर्धार पुरेसा आहे.