पाठ झाले, आता टिकवायचे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मदरशात फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर मी मुलांच्या मागे बसून हिफ्जचा, म्हणजे कुराण पाठ करण्याचा वर्ग ऐकला. चटयांवर रांगा, प्रत्येकापुढे लाकडी तिपाई, तिपाईवर कुराण. सगळी मुले एकाच वेळी मोठ्याने म्हणतात आणि प्रत्येकाचा पाठ वेगळा. उस्तादांचे कान मात्र समोर बसलेल्या एकट्यावर. चूक झाली की त्यांचे बोट तिपाईवर वाजते. मुलगा थांबतो, आयत म्हणजे ते वचन पुन्हा म्हणतो. तीच चूक परत झाली तर पानावर पेन्सिलीची खूण होते.

काम तीन वाट्यांचे. नवा पाठ म्हणजे ‘सबक’. गेल्या काही दिवसांतला भाग ‘सबकी’. त्याआधीचे सगळे ‘आमोख्ता’. आमोख्ता कच्चा निघाला, तर नवा सबक मिळत नाही. सर्वांत दमवतात त्या सारख्या वाटणाऱ्या आयती. सूरह रहमान या अध्यायात एकच आयत 31 वेळा येते आणि तिच्यापुढे दर वेळी वेगळे काही. जीभ तिथे हमखास चुकीच्या वाटेला लागते. म्हणून मुले छापील प्रत बदलत नाहीत. कोणती ओळ पानावर कुठे आहे, हे डोळ्यांनाही पाठ असते.

वाणी आणि लेखन यांची ही सोबत जुनी आहे. परंपरा सांगते की, पैगंबरांच्या निधनानंतर झालेल्या यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले अनेकजण मारले गेले. तेव्हा पैगंबरांचे सहकारी उमर यांच्या आग्रहावरून खलिफा अबू बक्र यांनी संकलनाचे काम जैद इब्न साबित यांच्याकडे सोपवले. जैद पैगंबरांचे लेखनिक होते, तरी ते स्वतःच्या स्मरणावर विसंबले नाहीत. खजुराच्या झावळ्यांचे देठ, पातळ दगड यांवर लिहिलेले आणि लोकांना पाठ असलेले, दोन्ही त्यांनी गोळा केले. पुढे 650च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी प्रती करवून मोठ्या शहरांना पाठवल्या. त्या काळच्या लिपीत अक्षरांचे नुक्ते म्हणजे टिंबे क्वचित, ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्याच. लिहिलेले बिनचूक वाचायला पाठ असलेला माणूस लागायचाच.

आजही रमजानमध्ये तरावीह या रात्रीच्या नमाजात इमाम न पाहता कुराण म्हणतो. तो अडखळला तर मागे उभा असलेला हाफिज, म्हणजे कुराण पाठ असलेला माणूस, पुढचा शब्द पुरवतो. याला ‘लुकमा देणे’ म्हणतात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

कुराणाचे तिसाही पारे म्हणजे भाग पाठ झाले की पगडी बांधून दस्तारबंदी होते, पण आमोख्ता संपत नाही. छापखाना हजारो प्रती काढू शकतो. पाठ शाबूत ठेवायला मात्र रोज एकाने म्हणावे लागते आणि दुसऱ्याने ऐकावे लागते.