सर्वंकष युद्ध आणि घरची आघाडी

युद्धकाळी मंडळीने कोणासाठी प्रार्थना करावी, असा प्रश्न पाळकांना अनेकदा विचारला जातो. ‘सैनिकांसाठी’ हे उत्तर सहज सुचते. परंतु विसाव्या शतकात युद्धाचे स्वरूपच असे पालटले की, तेवढे उत्तर पुरेसे राहिले नाही. हे कसे घडले ते पाहण्यासाठी आम्ही दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचे उदाहरण घेत आहोत.

सर्वंकष युद्धात केवळ सैन्य लढत नाही. कारखाना, शेत, शाळा आणि स्वयंपाकघर हे सर्व युद्धाला जुंपले जाते. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्धघोषणेच्या दोन दिवस आधी, ब्रिटनमधील शहरांतून मुलांना खेड्यांत हलविण्यास आरंभ झाला. थोड्याच दिवसांत मुले, माता व इतर मिळून सुमारे १५ लाख माणसांनी घरे सोडली. त्याच दिवसापासून रात्रीचे दिवे झाकले गेले. जानेवारी १९४० मध्ये लोणी व साखर यांचे शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिका पूर्णपणे गेली ती १९५४ साली. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वर्षे वयाच्या अविवाहित स्त्रियांनाही राष्ट्रसेवा सक्तीची झाली. उपासनामंदिरेही यातून सुटली नाहीत. जून १९४० पासून त्यांच्या घंटा मुक्या झाल्या. शत्रूचे सैन्य उतरले तरच त्या वाजवावयाच्या होत्या. उपासनेस बोलावणारी घंटा अशा रीतीने युद्धाचा इशारा बनली.

या व्यवस्थेत चांगलेही पुष्कळ होते. श्रीमंत व गरीब यांना सारखाच शिधा मिळाला आणि शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडला. परंतु तिच्या पोटी एक भयंकर तर्क दडलेला होता. कारखान्यात राबणारी स्त्री जर युद्धाचाच भाग, तर तिच्या घरावर बॉम्ब का टाकू नये? हा तर्क दोन्ही पक्षांनी आचरणात आणला. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन हवाई हल्ल्यांत ब्रिटनमधील ४० हजारांहून अधिक नागरिक मरण पावले. जुलै १९४३ च्या अखेरीस एकट्या हॅम्बुर्ग शहरात, दोस्त राष्ट्रांच्या हल्ल्यांत, काही दिवसांतच जवळजवळ तितकीच माणसे प्राणास मुकली.

या तर्काला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी उघड विरोध केला. नाझी सत्तेचे ते आरंभापासूनचे विरोधक होते. तरीही ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, संपूर्ण शहरे उद्ध्वस्त करणे न्याय्य आहे काय, असा प्रश्न त्यांनी आपल्याच सरकारला विचारला. त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला.

हल्ला सोसलेल्या शहरातूनही असाच आवाज उठला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल जळाले. तेथील प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड यांनी पुढे त्या भग्न भिंतीवर पित्याजवळ क्षमा मागणारे शब्द कोरविले. ‘त्यांना’ हा शब्द मात्र त्यांत नाही. कारण क्षमेची गरज एकट्या शत्रूला नव्हती.

सैनिक व नागरिक यांतील रेषा युद्ध पुसून टाकते. ती रेषा मंडळीच्या मनात पुसली जाऊ नये, हे पाळक व धर्मशिक्षक यांचे काम आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून युद्धकाळी आपल्या सैनिकांसाठी अवश्य प्रार्थना करावी. आणि त्याच प्रार्थनेत सीमेपलीकडच्या घरांत दिवा झाकून बसलेल्या मातेचेही स्मरण करावे.