देवदत्त आयुधांच्या अटी

दिल्लीतील आर. के. पुरमच्या सेक्टर ७ मध्ये टेकडीवर उभ्या असलेल्या उत्तर स्वामिमलै मंदिरात, ज्याला दिल्लीकर मलै मंदिर म्हणतात, १९७३ पासून स्वामिनाथाची, म्हणजे कार्तिकेयाची पूजा होते. तमिळ परंपरेप्रमाणे त्याच्या हातातील ‘वेल’ हा भाला त्याला माता पार्वतीने सूरपद्म या असुराशी लढण्यासाठी दिला. अखेरीस आंब्याचे झाड झालेल्या त्या असुराला वेलने दुभंगले, तेव्हा त्याचे मोर आणि कोंबडा झाले, आणि मोर देवाचे वाहन, तर कोंबडा त्याच्या ध्वजावरचे चिन्ह ठरला. देवाने दिलेली वस्तू केवळ अधिक धारदार नसते, देणाऱ्याचा हेतूही ती वागवते, हे यातून दिसते.

भूमिका-खेळांना, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन सूत्रधाराच्या कथेत फाशांच्या आधारे वाटचाल करण्याच्या खेळांना, नेमकी हीच गोष्ट नियमांत बसवणे अवघड जाते. १९७४ मध्ये निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने दोनच वर्षांत भारतीय देवांनाही आकड्यांत मांडले; त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत तर अनेक जादुई वस्तूंशी आधी सुमारे तासभर एकाग्र होऊन नाते जोडावे लागते, आणि एका पात्राला एका वेळी अशा तीनच वस्तूंशी ते जोडता येते. खेळाचा तोल राखायला हा हिशेब पुरतो, पण त्यात देवाचा संबंध फारसा उरत नाही.

महाभारतातील अटी मात्र धारकाच्या वागण्याला बांधलेल्या आहेत. कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राने कर्णाला दिलेली वासवी शक्ती एकाच शत्रूला मारून इंद्राकडे परतणार होती. शिवाय इतर शस्त्रे हाताशी असताना आणि जीव संकटात नसताना ती सोडली, तर ती कर्णावरच उलटणार होती. अर्जुनासाठी राखलेली ही शक्ती घटोत्कचावर खर्च करावी लागली, आणि युद्धाचा कल तिथेच बदलला, कारण ‘एकदाच’ या अटीमुळे वस्तूच्या बळापेक्षा ती कधी वापरायची हा निर्णय मोठा झाला. कोणत्याही खेळाच्या रचनाकाराने हेवा करावा असा हा नियम आहे.

त्याहून कठोर अट ब्रह्मशिर अस्त्राची आहे. अस्त्र, म्हणजे मंत्राने सोडायचे आयुध, सोडण्याची विद्या अश्वत्थाम्याला होती, परंतु ते मागे घ्यायला लागणारा संयम, जो अर्जुनाकडे होता, त्याच्याकडे नव्हता; म्हणून त्याने ते उत्तरेच्या गर्भाकडे वळवले. कृष्णाने त्या गर्भातील परीक्षिताला जीवदान दिले, आणि मराठी लोकसमजुतीत आजही जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याला कपाळीचा मणी देऊन तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप भोगावा लागला. खेळांत अशा गैरवापराची किंमत बहुधा सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेली असते. महाकाव्यात मात्र अस्त्र वाया गेले तरी ती चुकत नाही.