गावाची आखणी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीची उत्तुंग भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे दोन तालुके वसले आहेत. पावसाळ्यात माहुलीचे सुळके आणि माळशेज घाटाचे कडे ढगांत बुडून जातात. भातसा, काळू, शाई या नद्या दुथडी भरून वाहतात. येथे वर्षाकाठी दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर १८९२ साली धरण झाले आणि पुढे भातसा नदीवरही मोठे धरण उभे राहिले. या जलाशयांचे पाणी मुंबईची तहान भागविते. मुंबईच्या पाण्यातील जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे.

असे असूनही चैत्र-वैशाखात याच भागातील कित्येक पाड्यांच्या विहिरी कोरड्या पडतात. बायामुली डोक्यावर हंडे घेऊन रानवाटा तुडवितात. कोठे टँकरची वाट पाहत बसावे लागते. पाण्याच्या माहेरीच पाण्याची टंचाई! असे का बरे व्हावे?

येथील पुष्कळ उतारांवर मातीचा थर पातळ असून खाली काळा कातळ आहे. त्यात पाणी फार थोडे मुरते. झाडी दाट असेल, तर पालापाचोळा व मुळे पाण्याला थोपवून धरतात. झाडी तुटली, की पाणी मातीलाही बरोबर घेऊन धावत सुटते. धरणे दरीत असतात आणि अनेक पाडे टेकड्यांवर असतात. खालचे पाणी वर चढविण्यास नळ, पंप आणि पैसा लागतो.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण ओळखली होती. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेल्यास कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. या वाटेने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी जात असत. वाट आखताना वाटसरूंच्या पाण्याचाही विचार झाला होता.

येथील जुन्या घरांतही असाच विचार दिसतो. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, ओलीपासून बचावासाठी उंच जोते आणि भिंती भिजू नयेत म्हणून खाली उतरलेले छप्पर! अशी घरे जवळच्याच साहित्यातून उभी राहतात आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या घरांसारखी तापत नाहीत.

अशा घरास आता एका नव्या सोयीची जोड देता येईल. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर पाचशे लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास रोज शंभर लिटर पाणी लागते असे धरू. उन्हाळ्याच्या १२० दिवसांना बारा हजार लिटर पुरतील. म्हणजे चोवीस सेंटिमीटर पावसाचे पाणी पन्हळीतून उतरवून घेतले, की काम झाले! ते साठविण्यास तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर खोल असे झाकलेले टाके पुरेल.

आज या भागाचे रूप पालटत आहे. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाडजवळ कारखाने उभे आहेत. रस्त्यालगत नव्या वसाहती होतील. त्यांची आखणी घाईने झाली, तर ओहोळ बुजतील, टेकड्या उघड्या पडतील आणि आज ओल्या असलेल्या विहिरीही आटतील. एकदा बांधलेली इमारत सहसा हलविता येत नाही. म्हणून विचार आधी करावयास हवा.

तो क्रमाने करावा. प्रथम पाणी कोठे वाहते व कोठे मुरते, ते पाहावे. त्या जागा मोकळ्या ठेवाव्या. उतारावर झाडे राखावी व आडवे चर खणावे. सुपीक जमीन भातासाठी सोडावी. उरलेल्या जागी घरे व रस्ते आखावे.

मुलांनो, यंदा पाऊस पडू लागला, की आपल्या शाळेच्या ओसरीत उभे राहून पाहा. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि वाटेत त्याला कोण अडविते? जे दिसेल, ते कागदावर रेखाटा. गावाच्या आखणीचा आरंभ अशाच नकाशाने होतो.