नाडीखालचा काळा वळ

उन्हाळा सुरू झाला की त्वचेच्या कर्करोगाविषयीच्या सूचना सर्वत्र दिसू लागतात : क्रीम लावा, ऊन टाळा. त्या चुकीच्या नाहीत; परंतु त्या प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या देशांतून आलेल्या आहेत. गव्हाळ व सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून तिचे बरेच रक्षण करते. नांदेड-लातूरकडील घरांत काळजीची जागा निराळी आहे आणि ती बहुधा वस्त्राखाली झाकलेली असते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट वेढ्याखाली कमरेवर उद्भवणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे २०२४ मध्ये वर्ध्याच्या व बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांच्या एका आजींच्या उजव्या कुशीवरील जखम दीड वर्ष भरत नव्हती. त्या परकराची नाडी आवळून बांधीत. दुसऱ्या आजी चाळीस वर्षे परकराविना लुगडे कमरेला घट्ट नेसत आल्या होत्या. त्यांचा रोग निदानाच्या वेळी जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला होता.

नाडीचा दाब, घर्षण आणि त्यात साचणारा घाम यांमुळे प्रथम वळ उठतो, मग कातडी काळवंडते, खाज सुटते, पापुद्रे निघतात. ती वारंवार चिघळत राहिली, तर क्वचित कर्करोग होतो. प्रत्येक काळा वळ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. अकारण धास्ती घेण्याचे कारण नाही.

उपाय तर शिलाईच्या डब्यातलेच आहेत. बारीक दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी घालावी, गाठ रोज एकाच जागी न बांधता थोडी वर-खाली करावी, रात्री ती सैल सोडावी आणि स्नानानंतर कंबर नीट कोरडी करावी. पुरुषांचा करदोडाही रुतेल इतका घट्ट नसावा. स्टोव्हच्या भडक्याने भाजल्याचा जुना व्रण पुन्हा फुटला, तर त्याकडेही दुर्लक्ष करू नये. मुनिसंघाच्या विहारात अनवाणी चालणाऱ्या श्रावक-श्राविकांनी तळवे अधूनमधून न्याहाळावेत, कारण सावळ्या लोकांत काळ्या डागाचा घातक कर्करोग बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली आढळतो. आडत बाजारात वा शेतावर दुपारी जाताना डोक्यावर रुमाल किंवा छत्री असावीच.

खरी अडचण संकोचाची आहे. कमरेची जखम दाखवायची कोणाला? सासूबाई सुनेला सांगत नाहीत, सून नवऱ्याला सांगत नाही आणि घरगुती मलमावर वर्ष निघून जाते. तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. तपासणीसाठी कातडीचा लहानसा तुकडा काढावा लागतो. नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असल्याने जाताना शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवावे.