शाळेच्या अंगणातील हंगामी फुले : बियांपासून बियांपर्यंत

एकाच हंगामात उगवून, फुलून, बी धरून जे झाड आपले जीवन संपविते, त्यास हंगामी फुलझाड म्हणतात. झेंडू, तेरडा, कोंबडा, झिनिया, कॉसमॉस ही सर्व या वर्गातील होत. गुलबक्षी वस्तुतः जमिनीत कंद धरून वर्षानुवर्षे जगणारी आहे. परंतु बियांपासून त्याच वर्षी फुलत असल्यामुळे व्यवहारात तिचीही गणना येथेच केली जाते. यांतील बहुतेक फुले घरोघरच्या अंगणांत पूर्वापार लावली जात आहेत. त्यांना काचेचे घर लागत नाही, महाग खत लागत नाही, आणि एकदा बी मिळाले की पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा होय.

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतील शाळांच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ती म्हणजे मुलांच्या मुक्कामाचे वेळापत्रक. भातकापणी आटोपून दिवाळी झाली की पाड्यापाड्यांवरील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर किंवा अन्य मजुरीसाठी ठाणे, भिवंडी, वसईकडे अथवा सीमेपलीकडे गुजरातेत जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. बागकामाच्या पुस्तकांत हंगामी फुलांचा मुख्य काळ हिवाळा म्हणून सांगितलेला असतो. ऑक्टोबरमध्ये पेरणी आणि डिसेंबर-जानेवारीत बहर. हा क्रम येथे जसाच्या तसा उचलला तर ज्या मुलाने बी पेरले त्याला फूल पाहावयास मिळत नाही. वाफा त्याच्यामागे फुलतो आणि तो भट्टीवर असतो. म्हणून येथील शाळांनी मुख्य पेरणी पावसाळ्यातच करावी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडते. त्या आठवड्यात पेरलेला झेंडू किंवा तेरडा ऑगस्टच्या अखेरीपासून फुलू लागतो, आणि ऑक्टोबरात त्याचे बी हाती येते. बियांपासून बियांपर्यंतचे संपूर्ण चक्र मुलाच्या डोळ्यांसमोर पूर्ण होते, तेही त्याचे कुटुंब गाव सोडण्यापूर्वी.

अधिकाऱ्यांच्या भेटीपूर्वी रोपवाटिकेतून पिटुनिया व क्रोटनच्या कुंड्या आणून व्हरांड्यात मांडण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. त्या कुंड्यांना मुलांनी हात लावावयाचा नसतो. अशी बाग असण्यापेक्षा नसलेली बरी.

पावसाळी पेरणीची मुख्य अडचण अर्थातच पाऊस हीच आहे. येथील पाऊस जोराचा व सलग असतो. सपाट जमिनीत पेरलेले बारीक बी वाहून जाते, आणि उगवले तरी पाणी साचून कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. यावर उपाय म्हणजे गादीवाफा. वाफा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच करावा, रुंदी मुलांचे हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतील इतकीच ठेवावी, म्हणजे वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. पेरणीची जागा शाळेच्या वळचणीला असली तर मोठ्या सरींपासून रोपे वाचतात; परंतु पागोळ्या थेट वाफ्यावर पडणार नाहीत एवढे पाहावे.

या कामातील बरेचसे ज्ञान मुलांना घरूनच मिळालेले असते, याची शिक्षकांनी जाणीव ठेवावी. भाताची व नागलीची रोपे करण्यापूर्वी राब भाजला जातो हे येथील सहा वर्षांच्या मुलालाही माहीत असते. भाजलेल्या राबाच्या जागी तणाचे बी मरते, बुरशी व किडी कमी होतात आणि राखेतून पालाश मिळते. फुलझाडांच्या रोपांसाठी वेगळा राब भाजण्याची आवश्यकता नाही, आणि त्याकरिता झाडांच्या फांद्या तोडणे तर मुळीच इष्ट नाही. एखाद्या पालकाच्या राबातील दोन टोपल्या माती मागून आणली की रोपवाटिकेचे काम भागते. तसेच आवण काढून आवणी करणे आणि झेंडूचे रोप उपटून दुसरीकडे लावणे यांतील तत्त्व एकच आहे. ज्या मुलाला पुस्तकातील धडा वाचताना अडखळावे लागते, तेच मूल रोप कोणत्या बोटांनी व कोठे धरावे हे वर्गाला दाखवू शकते. त्याला ती संधी द्यावी.

सुरुवात झेंडूपासून करावी. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तो आपल्याकडे आला आणि आज त्याच्यावाचून दसऱ्याचे तोरण होत नाही. मेक्सिकोतही मृतांच्या स्मरणाच्या सणाला, नोव्हेंबरच्या आरंभी, तेथील लोक याच फुलांच्या राशी मांडतात. इयत्ता पाचवीच्या पुढील मुलांना नकाशावर हा प्रवास दाखविता येईल. बी काळे, सडपातळ व टोकाला फिकट कुसळे असलेले असते. वाफ्यात ओळीने पेरून वर अर्धा सेंटिमीटर माती पसरावी. चार ते सात दिवसांत अंकुर दिसतात. सुमारे चार आठवड्यांनी, रोप वीतभर होण्याच्या सुमारास, पावसाची उघडीप पाहून संध्याकाळी त्याची पुनर्लागवड करावी. उंच जातीच्या दोन रोपांत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर सोडावे. रोप जोमाने वाढू लागले की शेंडा खुडावा. मुलांना हे प्रथम क्रूरपणाचे वाटते. तेव्हा एका ओळीचे शेंडे खुडावेत, दुसरी ओळ तशीच ठेवावी, आणि पुढे दोन्हींवरील फांद्या व फुले मुलांकडून मोजून घ्यावीत. उत्तर वाफाच देतो.

पूर्ण उमललेले झेंडूचे फूल मुलांच्या हाती देऊन उलगडावयास सांगावे. ज्याला आपण एक पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एक कोवळे बी चिकटलेले असते. म्हणजे ती पाकळी नसून स्वतंत्र फूल आहे, आणि झेंडू हा अनेक फुलांचा मेळा आहे. सूर्यफूल व शेवंती यांचीही रचना अशीच असते.

शालेय पोषण आहाराच्या परसबागेशीही झेंडूचा निकटचा संबंध आहे. त्याच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना मारक ठरतात; वांगी व टोमॅटो यांच्या मुळांवर गाठी करणारे ते हेच सूक्ष्म कृमी. शिवाय फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या फुलांकडे अधिक ओढला जातो व तेथे अंडी घालतो. याचा लाभ व्हावयाचा तर टोमॅटो फुलावर येताना झेंडूही फुललेला असला पाहिजे. म्हणून झेंडूची रोपे टोमॅटोच्या रोपांपेक्षा सुमारे तीन आठवडे वयाने मोठी असावीत, आणि अळ्या पडलेली फुले वेळीच खुडून नष्ट करावीत. ती तशीच ठेवली तर सापळ्याऐवजी पाळणाघरच तयार होते.

तेरडा हा तर येथलाच. श्रावण-भाद्रपदात डोंगरउतारांवर तो आपोआप फुलतो आणि कोकणात गौर म्हणून त्याचीच रोपे घरी आणली जातात. अंगणातील दुहेरी फुलांचा तेरडा ही त्याचीच सुधारलेली बहीण. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. ती खरी की खोटी हे वाफ्याजवळ बसून एका फुलाला दोरा बांधून पडताळता येते. बी थेट जागेवर पेरावे. याचे पिकलेले फळ बोट लावताच फुटते. त्याच्या पाच फाका झटकन आत वळून बी दूर उडवितात, आणि बीजप्रसाराचा धडा शिकविण्यास याहून उत्तम साधन नाही. बी गोळा करताना मात्र फुगीर, पिवळसर पडू लागलेले फळ मुठीत धरूनच तोडावे. कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखे रंगवितात. आपल्या मुलींनाही हा प्रयोग आवडेल.

गुलबक्षी शाळेसाठी विशेष सोयीची आहे, कारण ती साधारणतः चार वाजण्याच्या सुमारास उमलते, म्हणजे शाळा सुटण्याच्या आधी. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५१ साली निरनिराळ्या वेळी उमलणाऱ्या फुलांवरून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली होती. गुलबक्षी किती वाजता उमलली याची महिनाभर नोंद मुलांनी ठेवली, तर ढगाळ व उघड्या दिवसांतील फरकही हाती लागतो. तिची रंगीत पाकळी ही वास्तविक पाकळी नसून निदलपुंज आहे. तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केल्यास गुलाबी फुले येतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या संततीत तांबडी, गुलाबी व पांढरी अशी तिन्ही पुन्हा प्रकट होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कॉरेन्स याने दाखविले. १९०९ साली त्यानेच याच झाडावर पानांचा पांढरा-हिरवा रंग केवळ मातृवृक्षाकडून येतो हे सिद्ध केले. अनुवंशशास्त्राच्या ग्रंथांत स्थान मिळालेले हे झाड येथे सांडपाण्याच्या कडेला वाढते. एक सावधगिरी अवश्य बाळगावी : तिचे काळे, सुरकुतलेले बी मिऱ्यासारखे दिसते, परंतु बी व मूळ दोन्ही विषारी आहेत. पहिली-दुसरीच्या व अंगणवाडीच्या मुलांच्या हाती ते देऊ नये.

कोंबड्याचे बी खसखशीएवढे बारीक व चकचकीत काळे असते. त्यावर माती जवळजवळ घालूच नये, नुसते दाबावे. पावसाळ्यात ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी होते तो कुरडू कोंबड्याचा सख्खा भाऊ आहे, हे सांगताच ओळख पटते. झिनियाला ऊन भरपूर लागते, आणि पानांवर भुरी पडते. कॉसमॉस सोपा आहे. तथापि पिवळा कॉसमॉस बागेबाहेर पसरू देऊ नये. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर तो स्थानिक रानफुलांची जागा बळकावून बसला आहे.

बी विकत आणताना पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे छापले आहे काय हे पाहावे. अशा झाडांची फुले पहिल्या वर्षी मोठी व एकसारखी येतात. परंतु त्यांचे बी धरून पेरले असता संतती एकरूप होत नाही. ज्या शाळेला दरवर्षी पाकीट घेणे परवडत नाही, तिने गावातील एखाद्या आजीच्या अंगणातून जुने देशी बी मागून आणावे. कोसबाड टेकडीवरील कृषि विज्ञान केंद्राकडेही मार्गदर्शन मागता येईल. बियांसाठी झाड निवडावयाचे ते फुले तोडण्यापूर्वीच. सर्वांत निरोगी झाडाला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे दसऱ्याच्या घाईत तेच प्रथम रिकामे होत नाही. फूल झाडावरच वाळू द्यावे, नंतर सावलीत सुकवावे, आणि कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. कडधान्याचे बी राखेत ठेवण्याची पद्धत घरोघरी आहेच.

स्थानिक साधनांवर शिक्षण उभे करण्याची परंपरा या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे व नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे जे कार्य केले, त्यात महागड्या साधनांऐवजी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले वापरले गेले. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगांतून देशभर गेला. फुलझाडांच्या वाफ्यालाही तीच दृष्टी लागू करावी. नामफलक लावताना प्रमाण मराठी नाव लिहिण्यापूर्वी मुलांना विचारावे की, तुमच्या घरी याला काय म्हणतात? वारली बोलीतील नाव मिळाल्यास तेही त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावे.

पाऊस सरल्यावर पाण्याचा प्रश्न येतो. पाड्यावर ज्या हातपंपावरून मातांना हंडे वाहावे लागतात, त्याचे पाणी फुलांना घालणे योग्य नव्हे. जेवणानंतर हात व ताटे धुतलेले पाणी चरातून वाफ्याकडे वळविले तर गावात राहिलेल्या मुलांचा एक लहान वाफा जानेवारीपर्यंत टिकतो. त्याहून अधिकाची हौस धरू नये. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घालावे. कोंबड्या मात्र कुंपण जुमानत नाहीत, म्हणून पेरलेल्या वाफ्यावर अंकुर येईपर्यंत काट्या पसराव्यात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुले मुलांमध्ये वाटावीत. ती विकून शाळेचा निधी वाढविण्याचा मोह काहींना होतो, पण ज्याने रोप लावले त्याच्या दारावर तोरण लागणे अधिक न्याय्य आहे. दिवाळीनंतर जी मुले बाहेरगावी जाणार असतील त्यांना शिक्षण हमी कार्डासोबत कागदाची एक पुडी द्यावी. तीत झेंडूचे वीस-पंचवीस दाणे असावेत आणि वर मुलानेच आपल्या हाताने फुलाचे नाव, बी धरल्याचा महिना व शाळेचे नाव लिहावे. त्याच झाडाचे तेवढेच बी शाळेच्या बाटलीत, त्याच मुलाच्या नावाने राखून ठेवावे. पुढील जूनमध्ये तो परत आला की दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. सात दाण्यांना अंकुर फुटले तर उगवण शेकडा सत्तर. त्या हिशेबाने वाफ्यात किती दाणे टाकावयाचे ते त्यालाच काढू द्यावे.