ब्रॉडबँडमधील कोंडी आणि घाऊक पुरवठ्याचे अर्थकारण : ब्रिटनचा अनुभव

ब्रॉडबँडची गती सायंकाळी मंदावली की ग्राहक प्रथम मॉडेमला, मग तारेला आणि अखेरीस सेवादात्या कंपनीला दोष देतो. कोंडीचे मूळ मात्र अनेकदा या तिन्हींत नसून सेवादाता आणि त्याला जाळे भाड्याने देणारा घाऊक पुरवठादार यांच्यातील व्यवहारात असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार ब्रिटनच्या संदर्भात केला आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधील बहुसंख्य इंटरनेट सेवादात्यांकडे घरापर्यंत जाणारी स्वतःची तार नव्हती. तांब्याच्या तारा १९८४ मध्ये खासगीकरण झालेल्या ब्रिटिश टेलिकॉम (बीटी) या कंपनीच्या होत्या. तिच्या ‘बीटी होलसेल’ विभागाकडून ‘आयपीस्ट्रीम’ नावाची सेवा घेऊन लहान सेवादाते ती आपल्या नावाने विकत. ग्राहकाची तार एक्स्चेंजमध्ये संपे. तेथून पुढे बीटीच्या अंतर्गत जाळ्यातील सामायिक मार्ग लागे आणि शेवटी ‘सेंट्रल पाइप’ या मोठ्या वाहिनीतून सर्व माहिती सेवादात्याकडे पोहोचे. म्हणजे तार ज्याची त्याची, पुढचे सारे सामायिक. घरगुती जोडणीसाठी या वाटणीचे प्रमाण ५०:१, तर व्यावसायिक जोडणीसाठी २०:१ असे सांगितले जाई.

सामायिकता हा मुळात दोष नव्हे. गावातील सर्व नळ एकाच वेळी सुटत नाहीत, हे गृहीत धरूनच पाणीपुरवठ्याची योजना आखली जाते. प्रश्न गृहीतक बदलते तेव्हा उद्भवतो. सेंट्रल पाइप १५५ किंवा ६२२ एमबीपीएस क्षमतेच्या असत. समजा, १५५ एमबीपीएसच्या एका पाइपवर ५,००० ग्राहक आहेत. सर्वांनी एकाच वेळी वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३१ केबीपीएस येतात. ही गती जुन्या ५६ केबीपीएसच्या डायल-अप मॉडेमहूनही कमी आहे. पाने वाचणारा ग्राहक क्षणभर माहिती घेऊन थांबतो, म्हणून हे गणित एरवी जाणवत नाही. परंतु ५०० केबीपीएसने सतत वाहणारे चित्रण पाहणारे केवळ ३१० ग्राहक ही पाइप पूर्ण भरून टाकतात.

मार्च २००६ मध्ये बीटी होलसेलने ८ एमबीपीएसपर्यंत गती देणारी ‘मॅक्स’ सेवा आणली. तारेवरील गती वाढली. पाइपची क्षमता मात्र सेवादात्याने जेवढी विकत घेतली असेल तेवढीच राहिली. रुंद केलेल्या गल्ल्या जुन्याच अरुंद पुलावर येऊन मिळाव्यात, तसा हा प्रकार होता. त्यातच डिसेंबर २००७ पासून बीबीसीच्या ‘आयप्लेयर’वरील कार्यक्रम थेट संगणकावर पाहता येऊ लागले. ग्राहकाकडून मिळणारे मासिक शुल्क ठरावीक, तर घाऊक क्षमतेचे भाडे वापराबरोबर वाढणारे, अशा कात्रीत सेवादाते सापडले. बीबीसीने खर्चाचा वाटा उचलावा, असेही काहींनी सुचविले. या मागणीत एक अडचण होती : ज्या वापरासाठी ग्राहकाने आधीच पैसे मोजले होते, त्याचेच मोल दुसऱ्याकडून पुन्हा मागितले जात होते.

कोंडीची जागा कोणती, यावर जबाबदारी अवलंबून असे. एकाच सेवादात्याचे देशभरातील ग्राहक सायंकाळी संथ झाले, तर त्याने पुरेशी पाइप घेतलेली नाही असा तर्क करता येई. एकाच एक्स्चेंजवरील वेगवेगळ्या सेवादात्यांचे ग्राहक संथ झाले, तर संशय बीटीच्या अंतर्गत मार्गावर जाई. ग्राहकाचा करार मात्र केवळ सेवादात्याशी असल्याने दुसऱ्या प्रकारात घाऊक पुरवठादाराला थेट जाब विचारण्याची सोय त्याला नव्हती.

जानेवारी २००६ मध्ये तारांचे व्यवस्थापन ‘ओपनरीच’ या स्वतंत्र विभागाकडे गेले. त्यामुळे एक्स्चेंजमध्ये स्वतःची यंत्रे बसवून तार भाड्याने घेणे, म्हणजेच ‘लोकल लूप अनबंडलिंग’, स्पर्धकांना सुकर झाले आणि सेंट्रल पाइपवरील त्यांचे अवलंबन सुटले. मात्र हा खर्च मोठ्या एक्स्चेंजमध्येच भरून निघे. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात बीटी होलसेलला पर्यायच उरला नाही. नियामक संस्था ‘ऑफकॉम’ने २००८ मध्ये देशाची स्पर्धेच्या प्रमाणानुसार विभागणी करून पुरेशी स्पर्धा असलेल्या भागांतील घाऊक नियंत्रणे उठविली. जेथे केवळ बीटीच होती, तेथे २०११ मध्ये घाऊक दरांवर महागाई निर्देशांकाहून १२ टक्के कमी अशी वार्षिक मर्यादा घातली.

दर उतरले, तरी किती क्षमता विकत घ्यावी हा निर्णय सेवादात्याचाच राहिला. जाहिरातींतील ‘इतक्या एमबीपीएसपर्यंत’ हा शब्दप्रयोगही टिकला. २०१२ च्या नियमानुसार ती गती दहा टक्के ग्राहकांना मिळाली तरी पुरे होते. मे २०१८ पासून मात्र रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारी गतीच जाहिरातीत देणे आवश्यक झाले.